गाठ कळेपर्यंतचे दिवस

बाळाच्या अंगावरची गाठ पहिल्यांदा डॉक्टरांच्या हाताला क्वचितच लागते. ती लागते न्हाऊ घालणाऱ्या हाताला. जुन्नर-आंबेगावात आजही कित्येक घरांत बाळंतिणीची आई, सासू किंवा आळीतली एखादी जाणती मावशी पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर पालथं घेते आणि कोमट तेलाचा हात मानेपासून टाचेपर्यंत फिरवते. काखेत, जांघेत, कानामागे, मानेच्या वळीत, जिथे जिथे मळ साचतो तिथे बोट जातंच. रोज तोच हात आणि तेच अंग. म्हणून काल नव्हतं ते आज आहे, हे त्या हाताला ताबडतोब कळतं. तपासणीच्या टेबलावर रडणाऱ्या बाळाला पाच मिनिटं पाहणाऱ्या डॉक्टरला एवढी ओळख कुठून असणार?

मग हात थांबतो. "हे काय गं?" एवढं विचारलं जातं आणि घराची झोप उडते. आई मोबाइलवर शोधायला बसते आणि पाच मिनिटांत तिच्यासमोर कॅन्सर हा शब्द येतो. कुणाला आठवतं की पोटुशी असताना ग्रहणात ती विळीवर बसली होती. कुणी म्हणतं, दृष्ट लागली. बाप काही बोलत नाही, नुसता आत-बाहेर करतो.

तान्ह्या बाळांच्या अंगावरच्या बहुतांश गाठी निरुपद्रवी असतात, हे आधी सांगून टाकतो. कित्येक तर आपसूक विरतात. पण गाठीला नाव मिळेपर्यंत जे चार दिवस किंवा चार आठवडे जातात, त्यांत गाठीपेक्षा घाबरलेल्या माणसांच्या उपायांनीच बाळाला जास्त इजा होते. चुना लावला जातो, बिब्बा घातला जातो, कुठे तापलेल्या सळईचा डाग दिला जातो. तान्ह्याची कातडी इतकी पातळ असते की बिब्ब्याच्या तेलाने ती भाजून निघते. मग डॉक्टरांना गाठ बाजूला ठेवून आधी जखम बरी करावी लागते. जुन्नर-आंबेगावच्याच डोंगरांतला हिरडा बाळगुटीत उगाळला जातो, त्याबद्दल इथल्या माणसाला माया वाटणं साहजिक आहे. पण गाठ विरघळवणारा लेप त्यातून होत नाही. उलट काही मोजक्या गाठी खरंच थांबू शकत नाहीत, आणि नेमक्या त्या "जाईल आपोआप" म्हणून घरात राहतात. म्हणून ते मधले दिवस महत्त्वाचे.

ग्रहणाचं एका वाक्यात सांगतो. ग्रहणात भाजी चिरल्याने कुठल्याही बाळाला कसलीही गाठ आलेली नाही, आणि आईने काय खाल्लं, कुठे वाकली, कुणाकडे पाहिलं याचाही तिच्याशी संबंध नाही. बाळंतपणातून नुकत्या उठलेल्या बाईवर हा आरोप ठेवणं मला क्रूर वाटतं, मग तो कितीही मायेच्या माणसाने ठेवलेला असो.

डॉक्टर गाठ पाहतात तेव्हा आकाराने फारसे बिचकत नाहीत. ते विचारतात: कुठे आहे, कधी दिसली, आणि वागते कशी. जन्मतःच होती की तिसऱ्या आठवड्यात आली? रडलं की फुगते, झोपलं की जाते, असं होतं का? वर लाली आहे का, हात लावला की बाळ कळवळतं का? दूध नीट पितं का, वजन वाढतंय का? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही यंत्रात नसतात, ती घरातच असतात. म्हणून गाठ दिसली त्या दिवशीची तारीख माता व बाल संरक्षण कार्डाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी, लसींच्या तारखांच्या शेजारीच. मोबाइलमध्ये एक फोटो काढावा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, दिवसाच्या उजेडात. आठवड्याने त्याच जागी, त्याच नाण्यासह दुसरा. "वाढलीये असं वाटतंय" या वाक्यापेक्षा ते दोन फोटो डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगतात.

लसीच्या तारखांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण सर्वांत जास्त घबराट उडवणारी आणि बहुधा साधीच निघणारी एक गाठ तिथूनच येते. बाळाला जन्मानंतर लगेच डाव्या दंडावर बीसीजीची लस देतात. फ्रान्समधल्या काल्मेट आणि गेरँ या दोन संशोधकांनी गाईंच्या क्षयाचा जंतू तेरा वर्षं प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून कमजोर केला. १९२१ मध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला लस म्हणून देण्यात आला. तोच कमजोर, पण जिवंत जंतू आपल्या बाळांच्या दंडात जातो. काही आठवड्यांनी तिथे पुळी येते, पिकते, खपली धरते आणि व्रण उरतो. हे सगळं अपेक्षितच आहे. काही बाळांत हे जंतू दंडातून डाव्या काखेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत पोचतात. ती ग्रंथी आपलं काम करते, म्हणजे फुगते. पहिल्या सहा महिन्यांत कधीतरी न्हाऊ घालताना डाव्या काखेत, कधी गळपट्टीच्या हाडावर, टणक गोळी हाताला लागते. बाळाला ताप नसतो, गोळी दुखत नसते, दूध पिणं उत्तम चालू असतं.

अशा गाठीला बहुतेकदा काहीच करावं लागत नाही. काही महिन्यांत ती बसते. तिच्यासाठी क्षयाची औषधं सुरू करण्याची गरज नसते, आणि घाईने चीर देऊन ती फोडणं तर नकोच, कारण चिरलेली जागा पुढे महिनोन्महिने वाहत राहू शकते. गाठ मऊ पडली, वरची कातडी लाल झाली, तर डॉक्टर सुईने पू ओढून घेतात. हे कळल्यावर आईबापांचा चेहरा निवळतो. मात्र एक गोष्ट तपासून घ्यावी लागते: तीच गाठ बरीच मोठी होत असेल, दुसरीकडेही गाठी असतील, ताप येत असेल, वजन थांबलं असेल किंवा घरात कुणाला क्षय असेल, तर ती "लसीची गाठ" म्हणून सोडून देता येत नाही. आणि या गाठीमुळे पुढच्या लसी थांबवू नयेत. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याच्या लसींचा तिच्याशी संबंध नाही. त्या लसींनी मांडीत एखादी टणक गुठळी राहिली तर तीही चोळायची नाही, आठवड्यांत विरते.

मानेतली गाठ वेगळी. बाळ पायाळू असेल किंवा बाळंतपण अवघड गेलं असेल, तर दोन-तीन आठवड्यांचं झाल्यावर मानेच्या एका बाजूच्या लांब स्नायूत एक टणक गोळा लागतो. नीट पाहिलं तर बाळाचं डोकं त्याच बाजूला कललेलं असतं आणि हनुवटी उलट दिशेला. याला गाठ म्हणण्यापेक्षा स्नायूचा आखडलेला भाग म्हणावं. सोनोग्राफीत ते दिसतं. उपचार म्हणजे मानेचा व्यायाम, तोही फिजिओथेरपिस्टने शिकवलेला, जोर न लावता, दिवसातून अनेकदा. पाळण्याची दिशा बदलणं हासुद्धा उपचारच आहे: ज्या बाजूला गोळा आहे त्या बाजूने आईने हाक मारायची, खुळखुळा तिकडून वाजवायचा, उजेड तिकडून येईल असा पाळणा बांधायचा, म्हणजे बाळ आपणहून मान वळवतं. लवकर सुरुवात केली तर बहुतेक मुलांची मान वर्षभरात सरळ होते. थोड्यांनाच शस्त्रक्रिया लागते. अशा बाळाचे खुबेही तपासून घ्यावेत, कारण आखडलेली मान आणि सैल खुबा कधी कधी जोडीने येतात. हे सांगायचं अनेकदा राहून जातं.

नवजात बाळाच्या डोक्यावर जन्मानंतर दिवसाभरात एका बाजूला उठलेली मऊ सूज ही बहुधा हाडाच्या आवरणाखाली साठलेलं रक्त असतं. ते काही आठवड्यांत शोषलं जातं. जाताना कडेला टणक कंगोरा येतो आणि घरचे पुन्हा घाबरतात. डोकं गोल करण्यासाठी ते दाबायचं नाही, सुईने काढायचंही नाही. बाळ पिवळं दिसू लागलं तर मात्र दाखवायचं, कारण ते रक्त विरताना कावीळ वाढू शकते. छातीवर, स्तनाग्राखाली लागणारी गुठळी मुलगा असो वा मुलगी, आईच्या संप्रेरकांमुळे येते. ती पिळून दूध काढण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती आजच्या आज बंद व्हायला हवी. पिळलेल्या जागी गळू होतं आणि मुलीच्या बाबतीत तर स्तनाच्या पुढच्या वाढीलाच इजा पोचू शकते.

बेंबी फुगणं आणि जांघ फुगणं या दोन गोष्टी घरात एकाच मापाने मोजल्या जातात. इथे गफलत महागात पडते. बेंबीचा फुगा बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांचं होईतो आपोआप बसतो. त्यावर नाणं ठेवून पट्टा बांधल्याने तो लवकर जात नाही, फक्त खालची कातडी सडते. जांघेतला अंतर्गळ, म्हणजे हर्निया, मात्र स्वतःहून बुजत नाही. त्याला शस्त्रक्रिया लागते आणि ती फार लांबवायची नसते. रडताना जांघेत किंवा अंडकोषात फुगा येतो, शांत झाल्यावर जातो, तोवर दोन-चार दिवस हाताशी असतात. तो फुगा आत जाईनासा झाला, टणक किंवा लाल झाला, बाळ सारखं किंचाळतंय, उलट्या होताहेत, तर आतडं अडकलेलं आहे आणि त्याचा रक्तपुरवठा काही तासांत धोक्यात येतो. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांच्या सर्पदंशावरच्या कामामुळे साप चावल्यावर देवाऱ्यात वेळ घालवायचा नाही, ही गोष्ट या पट्ट्यात घरोघरी पोचली. अडकलेल्या अंतर्गळाला तीच घाई हवी, रात्री दोन वाजले असले तरी.

अंडकोषात नुसतं पाणी साठलं असेल तर डॉक्टर खोलीतला दिवा मालवून खालून टॉर्च लावतात आणि ती सूज लालसर उजळून निघते. पाहणाऱ्याला हे विलक्षण वाटतं. पण हा प्रयोग घरी मोबाइलच्या टॉर्चने करून निष्कर्ष काढू नये. तान्ह्याचं आतडं इतकं पातळ असतं की तेही उजळतं. नुसतं पाणी असेल तर ते बहुधा दीड-दोन वर्षांत जातं.

आता रक्तवाहिन्यांच्या गाठीबद्दल, कारण तिच्याबाबतचं वैद्यकच गेल्या पंधरा-वीस वर्षांत पालटलं. जन्मताना काहीच नसतं, किंवा फिकट डाग असतो. दोन-तीन आठवड्यांत तो लाल होतो, उंच होतो आणि दुसऱ्या महिन्यात झपाट्याने वाढतो. आईबापांना वाटतं की हे आता थांबणारच नाही. पण बहुतेक वाढ पाचव्या महिन्यापर्यंत संपते आणि पुढची काही वर्षं ती गाठ ओसरत जाते. पूर्वी जिथे उपचार करावाच लागे तिथे स्टिरॉइड देत. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं जुनं औषध दिलं आणि त्याच्या नाकावरची गाठ मऊ पडून फिकी झाली. त्यांनी ती गोष्ट सोडून दिली नाही. आणखी मुलांवर पडताळून २००८ मध्ये प्रसिद्ध केली. आज तेच पहिलं औषध आहे. ते प्रत्येक लाल गाठीला लागत नाही. डोळ्याजवळ, ओठावर, नाकाच्या शेंड्यावर, हनुवटीभोवती, लंगोटाच्या जागी किंवा कंबरेच्या मधोमध गाठ असेल, किंवा अंगावर अशा पाच-सहा असतील, तर महिन्याभराच्या आतच दाखवायला हवं, कारण औषधाचा खरा उपयोग वाढीच्या काळात होतो. "सहा महिन्यांचं होऊ द्या, मग बघू" हा सल्ला इथे चुकीचा ठरतो. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, पोट भरलेलं असताना द्यायचं असतं, नाहीतर साखर खाली जाते.

शरीराच्या मध्यरेषेवरच्या गाठींना मी वेगळा मान देतो. नाकाच्या मुळाशी, डोक्याच्या मागे मधोमध, किंवा पाठीच्या कण्यावर गाठ असेल, तर आतून तिचा मेंदूशी किंवा मज्जारज्जूशी संबंध असू शकतो. तिला सुई टोचायची नाही, फोडायची तर मुळीच नाही. आधी चित्र काढायचं. कंबरेवर केसांचा पुंजका किंवा चरबीची गादी असेल तर पहिल्या तीन-चार महिन्यांत सोनोग्राफीनेही कणा आतून दिसू शकतो, पुढे हाडं पक्की झाली की एमआरआय करावा लागतो. माकडहाडाशी येणारी एक गाठ सुमारे ३५ ते ४० हजार जन्मांत एकदा दिसते, मुलींमध्ये जास्त. जन्मतः ती बहुधा साधी असते, पण काढायला उशीर झाला तर तिचं रूप बिघडण्याचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर माकडहाडही काढतात, नाहीतर ती परत येऊ शकते.

आणि पोट. आंघोळीच्या वेळी कुशीत टणक गोळा लागला तर तो पुन्हा पुन्हा दाबून सगळ्या नातेवाइकांना दाखवू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नवजात बाळात असा गोळा बहुधा मूत्र तुंबून फुगलेलं मूत्रपिंड निघतो. थोड्या मोठ्या मुलांत मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर किंवा न्यूरोब्लास्टोमा असू शकतो. शब्द भयंकर वाटतात, पण विल्म्स हा बालकर्करोगांतला उत्तम बरा होणारा आजार आहे, आणि न्यूरोब्लास्टोमा काही तान्ह्यांमध्ये उपचारांशिवायही विरून जातो. वैद्यकातल्या मोठ्या नवलांपैकी हे एक.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बुलढाण्यात जन्मलेल्या एका बाळाच्या पोटात अर्धवट वाढलेले गर्भ आढळले आणि अमरावतीत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, ही बातमी घरोघरी वाचली गेली. अशी घटना लाखो जन्मांत एखादी. तिची बातमी होते, काखेतल्या गोळीची होत नाही. म्हणून आईबापांच्या मनात दुर्मीळ तेच आधी उभं राहतं.

आता रस्ता. आहुपे किंवा भीमाशंकरच्या अंगाला राहणाऱ्या आईने कुठे जायचं? सगळ्यांत जवळ आशाताई. बाळंतपण दवाखान्यात झालं असलं तरी पहिल्या ४२ दिवसांत तिने सहा वेळा घरी यायचं असतं. तिला गाठ उघडी करून दाखवायची. मग तळेघर, आपटाळे असं आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून घोडेगाव किंवा नारायणगावचं ग्रामीण रुग्णालय, मंचरचं उपजिल्हा रुग्णालय. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. जन्मजात व्यंगं शोधून पुढच्या उपचारांसाठी, शस्त्रक्रियेसाठी पाठवणं हे त्यांचं कामच आहे. पथकाची वाट पाहण्याजोगी गाठ नसेल तर पाहू नये. एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली उपचार आणि वाहन मोफत आहे. बालशल्यचिकित्सकाची गरज असेल तर मंचरहून सुमारे ६० किलोमीटरवर पुणं आहे, आणि तिथे १८६७ पासून उभं असलेलं ससून. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावं, शिधापत्रिका आणि बाळाचा जन्मदाखला बरोबर असावा. टोमॅटोच्या तोडणीत किंवा हिरड्याच्या हंगामात दोन दिवसांची मजुरी बुडते, हा खर्च कुठल्याच योजनेत येत नाही. म्हणून पहिल्याच फेरीला सगळे कागद नेलेले बरे.

तपासणीत बहुधा आधी सोनोग्राफी होते. तिच्यात किरणोत्सर्ग नाही, बाळ आईच्या अंगावर पीत असतानाही ती करता येते. सुईने किंवा तुकडा काढून तपासायला सांगितलं की घरात कुणीतरी म्हणतं, सुई लावली की गाठ पेटते. ही भीती खोटी आहे. जिथे तुकडा काढणं योग्य नसतं तिथे डॉक्टर स्वतःच काढत नाहीत. आणि "आत्ता काही करायचं नाही, सहा आठवड्यांनी या" असं ऐकलं म्हणजे टाळाटाळ झाली असं समजू नये. गाठ कशी वागते हे पाहणं हीसुद्धा तपासणीच आहे. मात्र परत कधी यायचं याची तारीख आणि त्याआधी कशामुळे धावत यायचं याची चिन्हं, दोन्ही कागदावर लिहून घ्यावीत.

त्या सहा आठवड्यांत आई दर तासाला गाठ दाबून पाहते. मला ते समजतं. पण वारंवार दाबल्याने साधी गाठही सुजते, आणि दर तासाला ती मोठीच वाटते. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी पाहावं. बापाने फोटो काढायचं आणि नोंद ठेवायचं काम स्वतःकडे घ्यावं. गप्प बसून काळजी करण्यापेक्षा ते बायकोला जास्त आधार देतं. आई सारखी रडते, झोपत नाही, बाळाला घ्यावंसं वाटत नाही म्हणते, तर ते "बाळंतिणीचं असतंच" म्हणून सोडू नये. आशाताईला, डॉक्टरांना सांगावं. तिच्यावर उपचार आहेत, आणि गाठ साधी निघाली तरी तिला त्यांची गरज असू शकते.

दवाखान्यात जाताना आजीला बरोबर न्यावं, असं मी आग्रहाने सांगतो. बाळाला हात तीच लावणार आहे आणि लेपाची वाटीही तिच्याच हाताशी आहे. सुनेने येऊन सांगितलेलं पोचत नाही. डॉक्टरांनी "आजी, तुमच्या हाताला लागली म्हणून वेळेवर कळलं" असं म्हणून समोर सांगितलेलं पोचतं. तिच्यासमोरच विचारून घ्यावं: तेल लावायचं का, त्या जागी चोळायचं का, शेक द्यायचा का, धुरी द्यायची का, पालथं घ्यायचं का.